मेरी कव्हर जोन्स आणि सशाला घाबरणारा पीटर

मानसशास्त्र हा विषय घेतलेल्या कुणालाही विचारा, ‘लिटल अल्बर्ट’ त्याला माहीत असतो. पांढऱ्या उंदराशी खेळणारं नऊ-दहा महिन्यांचं बाळ, त्याच्या डोक्यामागे लोखंडी कांबीवर मारलेला हातोडा, आणि मग उंदीर दिसला की रडणारा अल्बर्ट. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पण याच गोष्टीची दुसरी बाजू, म्हणजे मुलाच्या मनात बसलेली भीती काढायची कशी, हे ज्या बाईंनी दाखवून दिलं त्यांच्यावर पुस्तकात जेमतेम चार ओळी असतात. त्या म्हणजे मेरी कव्हर जोन्स. वर्तनोपचाराची आई म्हणून त्यांना आज जगभर ओळखतात. आपल्या मंडळाच्या अंकात कवी-लेखकांची चरित्रं नेहमी येतात. या वेळी मी मुद्दाम एका मानसशास्त्रज्ञ बाईंचं चरित्र लिहायला घेतलं, कारण घाबरणारी मुलं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत आणि त्यांच्याशी वागायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

मेरी कव्हर हिचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, जॉन्सटाउन या गावी झाला. कोळसा आणि पोलाद यांवर जगणारं हे गाव. 1889 सालच्या महापुरात इथे दोन हजारांहून जास्त माणसं गेली होती. अशा गावातून मेरी शिकायला वासार कॉलेजात गेली. वासार त्या काळी फक्त मुलींचं कॉलेज होतं आणि अभ्यासाच्या बाबतीत त्याचा मोठा दबदबा होता. मानसशास्त्र शिकवायला तिथे मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न होत्या. अमेरिकेत मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री ती हीच.

आता इथे गंमत बघा. मेरीला या विषयाची मनापासून ओढ होती. वॉशबर्नबाईंचे बरेच वर्ग तिने केले. पण प्रयोगशाळेच्या एका विषयात तिला गुण कमी पडले आणि तेवढ्यावरून वॉशबर्नबाईंनी तिला शेवटच्या वर्षाच्या खास चर्चासत्रात घेतलं नाही. जिचं नाव पुढे प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासामुळेच राहिलं, तिला प्रयोगशाळेच्या गुणांवरून बाहेर ठेवलं होतं! 1919 साली ती वासारमधून पदवीधर झाली.

वासारमध्ये रोझाली रेनर ही तिची मैत्रीण होती. ही रोझाली पुढे जॉन बी. वॉटसन यांच्या हाताखाली संशोधन करायला गेली. वॉटसन म्हणजे त्या काळातलं फार गाजलेलं नाव. मनात काय चाललंय ते दिसत नाही, माणूस काय करतो ते दिसतं, म्हणून शास्त्राने वर्तनाचाच अभ्यास करावा, अशी त्यांची रोखठोक भूमिका. अल्बर्टवरचा प्रयोग याच दोघांचा, 1920 साली छापून आलेला. भीती ही जन्मजात असण्यापेक्षा बरीचशी शिकलेली असते, हे त्यांना दाखवायचं होतं. दाखवलंही. पण अल्बर्टची आई त्याला घेऊन दवाखाना सोडून गेली आणि त्याला लावलेली भीती काढायची राहूनच गेली.

कॉलेज संपायच्या सुमारास मेरीने न्यूयॉर्कमध्ये वॉटसन यांचं व्याख्यान ऐकलं होतं. तिच्या डोक्यात जो प्रश्न बसला तो साधा होता. भीती जर शिकवता येते, तर ती उलट्या वाटेने काढता येणार नाही का? याच प्रश्नाने तिला कोलंबिया विद्यापीठात नेलं. तिथे 1920 साली तिने एम.ए. पुरं केलं आणि त्याच वर्षी बरोबर शिकणाऱ्या हॅरॉल्ड जोन्स याच्याशी लग्न केलं. इथून पुढे मी त्यांना जोन्सबाई म्हणते.

1923 साली कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजच्या संशोधन संस्थेत त्यांना जागा मिळाली आणि न्यूयॉर्कमधल्या एका बालसंस्थेतल्या मुलांवर त्यांनी काम सुरू केलं. काही ना काही कारणाने घरी ठेवता येत नव्हती अशी ही मुलं. वॉटसन तोवर विद्यापीठ सोडून जाहिरातीच्या धंद्यात गेले होते, तरी शनिवारी दुपारी ते येत आणि सल्ला देत. एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या काळात लहान मुलांवर प्रयोग करायला आजच्यासारखी नीतिविषयक समिती नव्हती, कडक नियम नव्हते. आज असा प्रयोग कुणाला सहजासहजी करू देणार नाहीत. पण हेतूमधला फरकही लक्षात घ्यायला हवा. जोन्सबाईंनी भीती निर्माण केली नाही. आधीपासून घाबरणारी मुलं त्यांनी शोधली.

तीन महिन्यांच्या बाळापासून सात वर्षांच्या मुलांपर्यंत सुमारे 70 मुलं त्यांनी पाहिली. अंधार, एकटं राहणं, ससा, उंदीर, बेडूक, मोठा आवाज, ज्याची त्याची भीती वेगळी. मग घरोघरी मोठी माणसं जे जे उपाय करतात ते एकेक त्यांनी पारखून घेतले. पहिला उपाय, काहीच करू नका, वाढत्या वयात आपोआप जाईल. दुसरा, समजावून सांगा. तिसरा, ती गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आणा, सवय होईल. चौथा, चिडवा आणि लाज वाटू द्या. पाचवा, लक्ष दुसरीकडे वळवा. सहावा, भीतीच्या वस्तूबरोबर काहीतरी हवंहवंसं जोडून द्या. सातवा, न घाबरणाऱ्या मुलांच्या संगतीत ठेवा. आपल्या आज्या-मावश्यांनी यातला एकही उपाय सोडलेला नाही, हे वाचताना मला सारखं जाणवत होतं.

निकाल काय लागला? चिडवण्याने उलट नुकसानच झालं. नुसतं थांबून भीती जात नाही असं दिसलं. लक्ष वळवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. खात्रीने चालले ते शेवटचे दोन उपाय: आवडीची गोष्ट जोडणं आणि इतर मुलांचं बघून शिकणं.

समजावण्याचं काय झालं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचा सगळा वाद इथूनच निघतो. पाच वर्षांची एक मुलगी सशाला घाबरायची. तिच्याशी आठवडाभर रोज दहा मिनिटं सशाविषयी गप्पा मारल्या. चित्रांचं पुस्तक दाखवलं, खेळण्यातले ससे दिले, मातीसारख्या लगद्याचा ससा करायला लावला. पोरगी अगदी रंगून जायची, सशाबद्दल भरभरून बोलायची. आठवड्याने खरा ससा समोर आणला, तर घाबरणं जवळजवळ पहिल्यासारखंच! बोलण्यात धीर आला होता, पण पाय मागेच जात होते.

आता पीटर. काम सुरू झालं तेव्हा तो 2 वर्षं 10 महिन्यांचा होता. एरवी हुशार, खेळकर मुलगा. पण पांढरा उंदीर, ससा, फरचा कोट, पीस, अगदी कापूससुद्धा त्याला चालत नसे. लाकडी ठोकळ्यांना मात्र तो मुळीच घाबरत नव्हता. म्हणजे अल्बर्टच्या भीतीशी अगदी जुळणारी, फक्त घरच्या घरी उगवलेली भीती. जोन्सबाईंनी ससा निवडला आणि सशाला न घाबरणाऱ्या तीन मुलांबरोबर पीटरला रोज खेळायला सोडलं. ससा असायचा, मुलं त्याला हात लावायची, पीटर बघायचा.

प्रगती मोजायला त्यांनी पायऱ्यांची एक यादी केली. एकूण 17 पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर, पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही असला तरी भीती. मग 12 फुटांवर चालतो, 4 फुटांवर चालतो, 3 फुटांवर चालतो, पिंजरा अगदी जवळ आला तरी चालतो. मग ससा खोलीत मोकळा. मग बाईंनी धरलेल्या सशाला बोट लावणं. मध्येच एक पायरी अशी की पीटर सशावर थुंकतो, वस्तू फेकतो, त्याची नक्कल करतो. आपण याला आगाऊपणा म्हणून दटावलं असतं. जोन्सबाईंनी ती प्रगती म्हणून लिहून ठेवली. कारण जो चिडवायला लागला तो पळत तरी नाही! पुढे सशाला मांडीवर घेणं, खोलीत त्याच्याबरोबर एकटं राहणं, कुरवाळणं, आणि सगळ्यात वर, सशाला आपली बोटं कुरतडू देणं.

पीटर बराच वर चढला आणि मग आजारी पडला. स्कार्लेट फीव्हर. जवळपास दोन महिने दवाखान्यात. परत निघताना तो नर्सबरोबर टॅक्सीत चढत असता एक मोठा कुत्रा दोघांच्या अंगावर आला. दोघंही घाबरले. संस्थेत आल्यावर पाहिलं तर पीटर पुन्हा जवळपास पहिल्या पायरीवर. सगळी मेहनत वाया गेल्यासारखी.

इथे जोन्सबाईंनी पद्धत बदलली. पीटरला उंच खुर्चीत बसवायचं, आवडीचा खाऊ द्यायचा, आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून आत आणायचा. किती जवळ? त्याचं खाणं थांबणार नाही इतकंच. दुसऱ्या दिवशी थोडं आणखी जवळ. अधूनमधून इतर मुलांनाही बरोबर घ्यायचं. खाण्याचा आनंद आणि भीती ही दोन्ही एकाच वेळी पुरी चढू शकत नाहीत. आनंदाचं पारडं जड ठेवायचं आणि ससा हळूहळू सरकवायचा. घाई केली तर उलटंही होऊ शकतं, ससा नको म्हणता म्हणता पोर खाऊलाच घाबरायला लागेल, असा इशारा त्यांनी स्वतःच देऊन ठेवला. सगळं कसब त्या अंतरात होतं.

पीटर शेवटच्या पायरीपर्यंत गेला. एका हाताने खात दुसऱ्या हाताने सशाशी खेळणारा पीटर! कापूस, पीस, फरचा कोट यांची भीतीही बरोबरच गेली. त्यावर वेगळं काम करावं लागलं नाही. पुढे पीटर घरी गेला, आणि घरची परिस्थिती सोपी नव्हती. हेही जोन्सबाईंनी लपवलं नाही.

1924 साली हे काम छापून आलं. आणि मग? काही नाही. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1926 साली त्यांनी डॉक्टरेट पुरी केली, ती लहान बाळांच्या वर्तनाच्या वाढीवर. 1927 साली हॅरॉल्ड यांना कॅलिफोर्नियात बर्कलीच्या बालकल्याण संस्थेत संशोधन प्रमुखाची जागा मिळाली आणि मुलींना घेऊन सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. नवरा ज्या विभागात आहे त्यात बायकोला नेमायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम होता. त्यामुळे जोन्सबाई वर्षानुवर्षं संशोधन सहायकाच्या जागी राहिल्या. 1952 साली त्या शिक्षणशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक झाल्या आणि पूर्ण प्राध्यापकपद मिळालं 1959 साली, निवृत्तीच्या एक वर्ष आधी. नवऱ्याच्या नावाआड झाकल्या गेलेल्या बायका आपल्या साहित्याच्या इतिहासातही कमी नाहीत, म्हणून हे तपशील मला चटकन पुढे जाऊ देईनात.

पण त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. 1932 साली ओकलंडमधल्या पाचवी-सहावीच्या सुमारे 200 मुलांचा अभ्यास सुरू झाला, आणि ती मुलं मोठी होऊन मध्यमवयाची झाली तरी तो चालूच राहिला. लवकर वयात येणारी मुलं आणि उशिरा येणारी मुलं यांच्या स्वभावावर काय परिणाम होतो, कुणाला पुढे दारूचं व्यसन लागतं, अशा प्रश्नांवर जोन्सबाईंनी यातूनच लिहिलं. या मुलांना त्या नावानिशी ओळखत, त्यांच्याशी संबंध ठेवून असत. 1960 साली त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये असताना हॅरॉल्ड हृदयविकाराने गेले.

पीटरची गोष्ट मात्र एव्हाना जागी झाली होती. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी 1958 साली भीती पायरीपायरीने घालवण्यावर आपलं पुस्तक काढलं. मुलाच्या खाऊच्या जागी त्यांनी मोठ्यांसाठी शरीर सैल सोडण्याचा सराव वापरला. त्यांनी जोन्सबाईंचं ऋण मान्य केलं, आणि वर्तनोपचाराची आई हे बिरुदही त्यांचंच. 1967 साली अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याला घाबरणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना न घाबरणारा सवंगडी दाखवला आणि भीती कमी होते हे सिद्ध केलं. ही तर पीटरच्या तीन सवंगड्यांचीच पद्धत.

त्याच काळात दुसरा प्रवाह सुरू झाला, बोधात्मक उपचाराचा. अल्बर्ट एलिस आणि आरोन बेक ही त्यातली मोठी नावं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला त्रास देतो तो त्या प्रसंगाचा त्याने लावलेला अर्थ. वर्गात उभं राहून वाचायला घाबरणाऱ्या मुलाच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं की मी चुकणार आणि सगळे हसणार. वर्तनोपचार म्हणतो, त्याला पायरीपायरीने वाचायला उभं करा. बोधात्मक उपचार म्हणतो, आधी तो विचार पकडा आणि खरा आहे का ते तपासा. मागच्या वेळी किती जण हसले? हसले तर पुढे काय झालं? मित्र चुकला तेव्हा तू त्याला काय म्हणालास?

मग त्या पाच वर्षांच्या मुलीचं काय, जिच्यावर गप्पांचा काही परिणाम झाला नाही? मला वाटतं, इथे फरक नीट करायला हवा. तिला सशाविषयी चांगलं चांगलं सांगितलं, पण तिच्या मनात सशाबद्दल नेमका कोणता विचार होता हे कुणी विचारलं नाही, आणि तो विचार खऱ्या सशासमोर तपासायलाही मिळाला नाही. शिवाय वयाचा प्रश्न आहेच. आपल्या विचाराकडे बाजूला होऊन बघायचं, त्याला पुरावा मागायचा, हे तीन वर्षांच्या पीटरला जमणारं नाही. त्याला खाऊ, सवंगडी आणि अंतर हेच कळतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र विचार तपासण्याचा खेळ चांगला जमतो. त्यातून जी मुलं सतत पुढच्याची काळजी करतात, आईला काही झालं तर, पेपर अवघड आला तर, त्यांच्यापुढे पिंजऱ्यात आणून ठेवायला ससाच नसतो. तिथे विचाराशीच काम करावं लागतं.

म्हणूनच आज दोन्ही प्रवाह एकत्र वापरतात आणि त्याला बोधात्मक वर्तनोपचार किंवा सीबीटी म्हणतात. टेम्पल विद्यापीठाच्या फिलिप केंडल यांनी मुलांसाठी 16 सत्रांचा ‘कोपिंग कॅट’ नावाचा कार्यक्रम बांधला. पहिल्या अर्ध्या भागात मूल आपली भीती अंगात कुठे जाणवते ते ओळखायला, मनात कोणती वाईट अपेक्षा आहे ते पकडायला, दुसरा विचार आणि कृती शोधायला आणि प्रयत्नाबद्दल स्वतःला शाबासकी द्यायला शिकतं. उरलेल्या अर्ध्यात ते घाबरवणाऱ्या प्रसंगांना सोप्याकडून अवघडाकडे खरोखर सामोरं जातं. हा दुसरा अर्धा भाग म्हणजे पीटरच्याच पायऱ्या. 2008 साली अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 488 मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी सीबीटी घेतलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के मुलं चांगली सुधारली, सर्ट्रालिन हे औषध घेतलेल्यांपैकी 55 टक्के, दोन्ही मिळून घेतलेल्यांपैकी 81 टक्के, आणि औषध म्हणून नुसती खोटी गोळी घेतलेल्यांपैकी 24 टक्के.

दोन पद्धतींत कोण जिंकलं असं विचारलं, तर मी म्हणेन की विचार तपासण्याने मूल पायरीवर पाय ठेवायला तयार होतं, पण भीती उतरते ती पायरी चढल्यावरच. आपल्या घरांत नेमकं हेच राहून जातं. एक तर आपण पोराला ‘भित्रा’ म्हणून हिणवतो, नाहीतर लाडाने त्या गोष्टीपासून कायमचं लांब ठेवतो. लांब ठेवलं की त्या क्षणी मूल शांत होतं, म्हणून आपल्याला वाटतं बरं केलं. पण मूल त्यातून शिकतं ते एवढंच, की पळालो म्हणून वाचलो. आणि जेवत नाही म्हणून बागुलबुवा नाहीतर पोलीस दाखवणं, म्हणजे जोन्सबाईंचा प्रयोग नेमका उलटा! खाऊच्या ताटाशी आपण भीती जोडून देतो.

मी रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण देते. मी काही उपचारक नाही आणि भीती फार खोल असेल तर तज्ज्ञांकडेच जायला हवं. पण माझ्या वर्गातली नऊ वर्षांची एक मुलगी मिस्सात वाचन करायचं म्हटलं की रडायची. तिच्याबरोबर बसून आम्ही पाच पायऱ्या लिहिल्या. आधी वर्गात मैत्रिणीबरोबर एकत्र वाचायचं, मग वर्गात एकटीने, मग रिकाम्या चर्चमध्ये, मग रिकाम्या चर्चमध्येच माइकवर, आणि शेवटी रविवारी. सगळे हसतील असं तिला वाटत होतं, म्हणून प्रत्येक वेळी किती जण हसले ते तिनेच मोजायचं ठरलं. सध्या ती चौथ्या पायरीवर आहे. माइकमधून आलेला स्वतःचा आवाज ऐकून पहिली हसली ती तीच.

1974 साली टेम्पल विद्यापीठात वर्तनोपचाराच्या परिषदेत जोन्सबाईंना मानाने बोलावलं. पन्नास वर्षांपूर्वीचं आपलं काम त्यांनी तिथे पुन्हा पाहिलं. त्यांना ते नाकारायचं नव्हतं. पण शेकडो आयुष्यं लहानपणापासून मोठेपणापर्यंत पाहिल्यावर, एका मुलाची एक भीती सुटी काढून तेवढीच बरी करण्यात आता आपल्याला समाधान वाटणार नाही, असा त्यांचा सूर होता. त्या मुलाचं घर, त्याचा स्वभाव, त्याचं पुढचं आयुष्य हे सगळं त्यांना बघावंसं वाटत होतं. ज्यांच्या नावावर एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली, त्यांनीच तिची मर्यादाही सांगावी, हे मला त्या 17 पायऱ्यांइतकंच मोठं वाटतं.

22 जुलै 1987 रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे, नव्वदीच्या उंबरठ्यावर, मेरी कव्हर जोन्स वारल्या. पीटरचं पुढे काय झालं ते पुस्तकात सापडत नाही. पण इंजेक्शनला, अंधाराला, फळ्यासमोर उभं राहायला घाबरणारं एखादं मूल आज कुठेही हळूहळू एकेक पाऊल पुढे टाकत असेल, आणि शेजारी कुणी त्याला न हसता, न ओढता उभं असेल, तर ती रीत जोन्सबाईंची आहे. आपल्या घरात असं मूल असेल तर ससा आणायची घाई करू नका. आधी तो किती फुटांवर चालतो, ते त्यालाच विचारा.